मुकादमबाईंची होडी

कामाला बसण्याआधी मुकादमबाई हात धुवायच्या, ते बघत राहावं असं असायचं. साबण थेट कोपरापर्यंत. मग जुन्या मलमलीच्या फडक्याने एकेक बोट वेगळं पुसायचं, नखांच्या कडा पुसायच्या, आणि शेवटी दोन्ही तळव्यांवर चिमूटभर पावडर. डोक्याला तेल आठवड्यातून एकदाच, शनिवारी संध्याकाळी, कारण रविवारी सुट्टी.

"तेलाचा एक ठिपका फिलमवर पडला ना, टेप तिथं धरत नाय," त्या म्हणायच्या. "बरं, आज सुटनार नाय. कॅमेऱ्याखाली गेल्यावर सुटेल. मग बसा शोधत."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या गाळ्यात नोकरीला लागलो, तेव्हा बाईंना तिथे अकरा वर्षं झाली होती. आमचं काम सर्किट बोर्ड आखून देण्याचं. रेडिओ, टायमर, वजनकाटा, कशाच्याही पोटात जी हिरवी पाटी असते, तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा असतात. त्या वाटा कुठून कुठे जातील हे आम्ही ठरवायचो आणि त्याची फिल्म करून बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला द्यायचो. आधी हे सगळं हाताने होई. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, त्यावर मायलरचा पारदर्शक कागद, आणि त्या कागदावर काळ्या चिकट टेपच्या पट्ट्या, खऱ्या बोर्डाच्या दुप्पट आकारात. मग कॅमेऱ्याने त्याचा निम्म्या आकाराचा फोटो काढला की फिल्म तयार. काही टेप तर शेवईइतक्या बारीक असत. बाई त्या लावायच्या. एका हातात टेपचं रीळ, दुसऱ्यात सर्जरीचं पातं, डोळ्यासमोर भिंग. मानेला पदर घट्ट गुंडाळलेला, कारण पदराचा सुटा धागा टेपखाली गेला तर कॅमेऱ्याला तोही वाट म्हणून दिसतो.

त्यांच्याबद्दल मी आजवर लिहिलं नाही, त्याचं कारण आळस नाही. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे स्वतःबद्दल एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी वीसेक वर्षं फार थोड्यांना सांगितली आहे.

बाई मूळच्या उरणकडच्या, मोरा बंदराजवळच्या. नाव नूरजहाँ. वडील मिठागरावर मुकादम, तसं आडनावही मुकादम. "डबल मुकादम," त्या हसून म्हणायच्या. आता त्या आईला घेऊन बोनकोड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या. लग्न का केलं नाही, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. वडिलांबद्दल मात्र भरभरून बोलायच्या. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, मिठागरात कसं घ्यायचं, मोठ्या पाटातून लहान पाटात आणि तिथून वाफ्यात कसं न्यायचं, हे त्यांनी लहानपणी वडिलांच्या मागे चिखलात फिरून पाहिलं होतं. टेबलावर बोर्ड आखताना तेच बोलायच्या.

"हे बघ इंजिनेर. सप्लाय म्हंजे उघाडी. तिथून निघालेली वाट रुंद पायजे. पुढं तिला फाटे फुटतील तशी बारीक कर. आन दोन पाट एकमेकांना ओलांडत नायत. ओलांडले की संपलं, सगळं मीठ खराब."

मला त्या पहिल्या दिवसापासून 'इंजिनेर' म्हणायच्या. त्यात थोडी थट्टा होती. मी डिग्रीवाला, चोवीस वर्षांचा, दिघ्याहून बसने येणारा, आणि मला सोल्डरिंगची सळईसुद्धा नीट धरता येत नव्हती.

मला घेतलं होतं ते कॉम्प्युटरसाठी. आमचे मालक सामंतसाहेब स्वतः जुने इंजिनिअर, शब्दाला पक्के, पण बाजाराला घाबरलेले. गिऱ्हाईक आता फ्लॉपी मागू लागलं होतं. त्यांनी गाळ्याच्या एका कोपऱ्यात काचेची केबिन केली, एसी बसवला, कॉम्प्युटर आणि कागदावर पेनाने रेघा मारणारा प्लॉटर आणला. केबिनबाहेर पाटी लावली, 'चपला बाहेर काढाव्यात'. बाईंनी दारातून आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "चपला काढून आत गेल्यावर मानूस नमाज तरी पढतो. तुमी नुसते टीवीसमोर बसता."

सगळे हसले. मीही हसलो. पण सामंतसाहेबांनी मला नेमतानाच सांगितलं होतं की वर्षभरात काचेचं टेबल विकायचं आहे. मुकादमबाईंना मग फक्त तपासणीचं काम राहील, जमलं तर. म्हणजे बाईंची खुर्ची कशी उचलली जाणार हे मला त्यांच्याआधी ठाऊक होतं, आणि रोज अकरा वाजता त्या त्यांच्या थर्मासमधला चहा मला अर्धा देत होत्या.

त्या चहाच्या वेळेचीच एक आठवण. कॉम्प्युटरमध्ये वाटा आपोआप काढायची सोय होती. एका गुंतागुंतीच्या बोर्डवर मी ती लावून दिली. सकाळी दहाला सुरू केलं ते चार वाजेपर्यंत चाललं, पडद्यावर रेघा येत होत्या, पुसल्या जात होत्या. शेवटी सात जोडण्या राहिल्याच. मशीन म्हणालं, जागा नाही. मी ते छापून बाईंपुढे ठेवलं, थोडा ओशाळूनच. त्यांनी कागद उलटसुलट फिरवला, पेन्सिलीने एका आयसीभोवती, म्हणजे पायांच्या काळ्या चिपभोवती, गोल करून बाण काढला.

"याला फिरव. पाय तिकडं कर. आन हा रिले एक बोट खाली घे."

मी तसं केलं. सातपैकी सहा जोडण्या आपोआप लागल्या, सातवी त्यांनी बोटाने दाखवली. गाळ्यातला एक जण म्हणाला, "बाई, कॉम्प्युटर हरला!" बाईंनी थर्मासचं झाकण लावलं.

"त्याचा काय गुन्हा? त्याला वाटा काढायला सांगितल्या, त्यानं काढल्या. भाग हलवायला कोन बोललं त्याला?"

दुसरं कोणी असतं तर आठवडाभर ते मिरवलं असतं. बाईंनी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

आता होडीबद्दल.

पारदर्शक फिल्मची एक अडचण असते. तिला उलट-सुलट बाजू नसते. कुठूनही धरली तरी चित्र दिसतं, आणि चुकीच्या बाजूने धरली तर सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. एकाच बाजूला तांबं असलेल्या साध्या बोर्डवर तर हे कळतही नाही, कारण भोकं तांब्यावरच्या खुणा बघूनच पाडली जातात. चित्र उलटं तर भोकंही उलटी, सगळं एकमेकांशी जुळणारं आणि सगळंच चुकीचं. यासाठी बाईंनी स्वतःची खूण केली होती. प्रत्येक फिल्मच्या खालच्या कोपऱ्यात टेपच्या चार तुकड्यांची शिडाची एक होडी. बोर्ड भागांच्या बाजूने बघितला की होडीचं नाक उजवीकडे असलंच पाहिजे. डावीकडे चालली तर फिल्म उलटी आहे. बोर्ड करणाऱ्या महापेच्या कारखान्यात फिल्म विभागाचे प्रमुख भोईर म्हणून होते, बोनकोड्याचेच. ते त्यांच्या माणसांना ओरडून विचारायचे, "होरी कुठं चाल्ली? उजवीकडं ना? मंग लाव!" बाईंच्या फिल्मला त्यांना दुसरी तपासणी लागत नसे.

कॉम्प्युटरवर आल्यावर मी होडी काढली नाही. मला ती पोरकट वाटली. खरं सांगायचं तर ती बाईंची वाटली, माझी नाही.

त्या महिन्यात आम्हाला एक महत्त्वाचं काम मिळालं होतं. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या भरल्या की पंप आपोआप बंद करणारं कार्ड. एका बाजूचं, साधं. गिऱ्हाईक नवं होतं, तीनशे बोर्ड पहिल्या फेरीत, आणि जमलं तर पुढे कायमचं काम. ते सगळं कॉम्प्युटरवर केलेलं माझं पहिलं पूर्ण काम. बाईंच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून बाई दोन दिवस रजेवर होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, "फिलम मी आल्याबिगर पाठवू नको हां इंजिनेर. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळत नाय."

मला मात्र साहेबांना दाखवायचं होतं की दोन दिवस लागत नाहीत. प्लॉटरवर छापताना एक पर्याय असायचा, चित्र उलटं छापायचं की नाही. तांबं खालच्या बाजूला, म्हणजे उलटं छापायला हवं असं मी डोक्यात धरलं आणि 'हो' केलं. कारखान्यात भोईरांची माणसं नेहमीच्या रिवाजाने फिल्म स्वतः उलटी करून लावणार, हे माझ्या लक्षातही आलं नाही. कामाच्या कार्डावर खाली चौकट होती, 'तपासणी'. ती रिकामी असली की फिल्म गाळ्याबाहेर जात नसे. मी इकडेतिकडे बघितलं आणि त्या चौकटीत बाईंची सही केली. नू. मु. दोनच अक्षरं. मी ती शंभरदा बघितली होती. खाली तारीख टाकली ती बाई रजेवर जाण्याच्या आदल्या दिवशीची.

दुसऱ्या दिवशी भोईरांचा फोन आला. मीच उचलला.

"गायकवाड, या फिलमवर होरी नाय दिसत. बाईंनी बघितली ना?"

मी म्हणालो, "भोईर, आता कॉम्प्युटर आलाय. होडीबिडी लागत नाही."

मग ते म्हणाले, "बरं. तुमी बोलता तसं."

पाच दिवसांनी तीनशे बोर्ड आले. सुरेख हिरवे, चकचकीत. पहिल्या बोर्डवर आयसी बसवायला घेतला तेव्हा पहिला पाय जिथे हवा तिथे शेवटचा आला. मी दुसरा बोर्ड घेतला, तिसरा घेतला. सगळे एकसारखे.

सामंतसाहेबांनी कामाचं कार्ड मागवलं. आईमुळे दोन दिवसांची रजा आठवड्याची झाली होती; बाई त्याच सकाळी परत आल्या होत्या, अजून हातही धुतले नव्हते. साहेबांनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"मुकादमबाई, सही तुमची आहे."

बाईंनी कार्ड उचललं. नेहमी फिल्म धरायच्या तसं दोन्ही हातांनी, कडांना. त्यांनी ती दोन अक्षरं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. नजर वळवून मी काचेच्या केबिनकडे बघू लागलो, जणू तिथे कोणी मला बोलावत होतं.

"आता काय करायचं ते करू, साहेब," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला कधी दाखवायचंय?"

"परवा. बारा नग."

"बोर्ड उलटा झालाय ना? मग भाग तांब्याच्या बाजूनं बसवू. तसं बघितलं तर तो सुलटाच हाय."

मला हे सुचलंच नव्हतं. आरशातलं चित्र आरशाच्या पलीकडून बघितलं की ते बरोबरच असतं. पण तांब्याच्या बाजूने भाग बसवायचा तर सोल्डरिंगही त्याच बाजूने, भागाच्या पोटाखाली सळईचं टोक घालून करावं लागतं. ते कोणाच्या हातून होणार? बाईंच्या. त्यांनी दोन दिवसांत बारा नग केले. बसवताना एकही आयसी जळला नाही. डब्यात कार्ड पालथं बसतं म्हणून स्क्रूच्या उंच्या बदलल्या, त्याही त्यांनीच मोजून. गिऱ्हाइकासमोर बाराच्या बारा चालले. काम हातचं गेलं नाही.

पण गिऱ्हाइकाला उलट्या बोर्डांची गोष्ट सांगावी लागलीच, आणि त्याने विचारलं, जबाबदार माणसाचं काय केलंत? साहेबांनी बाईंना महिनाअखेरची नोटीस दिली. ते वाईट माणूस नव्हते. नोटीस देताना त्यांचा आवाज धड नव्हता. टेबल विकायचंच होतं, एक कारण मिळालं, एवढंच.

त्या दिवशी अकरा वाजता बाईंनी नेहमीप्रमाणे मला अर्धा चहा ओतला. गाळ्यामागे आम्ही दोघंच होतो.

"माझी सही अशी झुकत नाय, इंजिनेर," त्या म्हणाल्या. "मु काढताना तू हात उचललास. मी उचलत नाय."

मी म्हणालो, "बाई, मी सांगतो साहेबांना."

"कधी?"

"आज. आजच सांगतो."

त्यांनी मान हलवली आणि थर्मास घेऊन आत गेल्या. मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वडिलांचा कारखाना बंद पडला होता, घरात पगार माझा एकटाच, आमच्या चाळीतला मी पहिला इंजिनिअर, नोकरी अजून कायम व्हायची होती. ही सगळी कारणं खरी होती. पण ती मी रोज सकाळी बसमध्ये नव्याने मोजायचो, यावरूनच कळावं की त्यांचा उपयोग मी कशासाठी करत होतो. बाईंनी 'कधी?' हे पुन्हा एकदाही विचारलं नाही. रोज विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटे. मग मला चिडता आलं असतं.

सांगण्याऐवजी मी दुसरंच काहीतरी केलं. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत म्हणालो, "बाई, कॉम्प्युटर शिकवतो तुम्हाला."

त्यांनी डब्यातून डोकं वर केलं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी काय देतोय आणि कशाच्या बदल्यात, हे त्यांना स्वच्छ दिसलं असावं.

"ते वेगळं आन हे वेगळं," त्या म्हणाल्या. "पन शिकव. शिकायला माझी ना नाय."

हात धुऊन, पावडर लावून, चपला बाहेर काढून त्या केबिनमध्ये आल्या. माऊस त्यांनी पहिल्यांदा धरला तो पात्यासारखा, तीन बोटांत. पहिल्या दिवशी बाण पडद्याबाहेर पळायचा. "अरे हा कुठं गेला? समुद्रात गेला काय?" आठवड्यात त्या एक साधा बोर्ड काढू लागल्या. मला शॉर्टकट ठाऊक होते. त्या मात्र एकेक अंतर मोजत, दोन वाटांमध्ये किती जागा राहते ते भिंगाने बघायची सवय असल्यामुळे पडद्यालाही भिंग लावत. आम्ही हसायचो. पण माझ्या बोर्डवर दोन वाटा चिकटायला आल्याचं त्या भिंगानेच दोनदा सापडलं.

तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "यात होडी कशी काढायची?"

मी चार रेघांची होडी काढून दाखवली. त्यांनी शिडाचा कोन बदलायला लावला, वारा कुठून येतो ते लक्षात घेऊन. मग म्हणाल्या, "ही कायमची ठेव. रेझिस्टर ठेवलाय तशी, म्हंजे कोनालाही उचलून लावता येईल." भागांच्या यादीत मी ती ठेवली. रेझिस्टर, रिले, ट्रान्झिस्टर आणि होडी.

महिना संपला. काचेचं टेबल टेम्पोत चढवलं त्याच दिवशी बाई गेल्या. साहेबांनी अनुभवाचं पत्र दिलं, तीन ओळींचं. अकरा वर्षं काम केलं एवढं त्यात होतं, कसं केलं ते नव्हतं. असल्या पत्रात जे लिहिलेलं नसतं तेच आधी वाचलं जातं. निघताना बाईंनी थर्मासचं झाकण माझ्यापुढे धरलं, नेहमीपेक्षा थोडा जास्त चहा होता. "साखर आज बरोबर पडली," म्हणाल्या, आणि बोनकोड्याची बस पकडायला रस्त्यावर गेल्या.

भोईरांनी त्यांना महापेच्या कारखान्यात घेतलं. येणाऱ्या फिल्म आणि फायली बोर्ड बनवायला घेण्याआधी तपासायच्या, हे काम. भोईरांना फोन आठवत होता. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण तिथल्या मालकासमोर ते एका मर्यादेपलीकडे बोलू शकत नव्हते. त्या तीन ओळींच्या पत्रावर मालकाने बाईंना रोजंदारीवर ठेवलं, कायम करायचं नंतर बघू म्हणून. हे मला भोईरांनीच सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या फिल्मवर फुंकर मारत होते.

असे चार महिने गेले. मी कायम झालो. आमच्या प्रत्येक फायलीत होडी जाऊ लागली, ती लावायला मी एकदाही विसरलो नाही. हे प्रायश्चित्त आहे असं मी स्वतःला सांगत असे. फार स्वस्त प्रायश्चित्त होतं ते.

मग एका दुपारी फोन वाजला. सामंतसाहेब माझ्याच टेबलापाशी उभे होते.

"इंजिनेर, तुझी होडी उलटी चाललीय रे," बाईंचा आवाज. "मोऱ्याला जायची ती कराचीला निघाली. फाइल थांबवलीय मी. बघ काय ते."

मी बघितलं. छापण्याचा तोच पर्याय, तेच 'हो'. या वेळी पाचशे बोर्ड होते. होडी होती म्हणून दिसलं, आणि ती बघणारी तिथे होती म्हणून थांबलं.

साहेबांनी विचारलं, "कोणी पकडलं?"

"मुकादमबाईंनी."

ते हसले, थोडं कडवट. "बघ. मागच्या वेळी एवढं लक्ष दिलं असतं तर आज इथे असत्या."

इतके दिवस मी मनात भाषणं तयार केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मागच्या वेळी त्यांनी फिल्म बघितलीच नव्हती, साहेब. त्या रजेवर होत्या. सही मी केली."

साहेबांनी चष्मा काढला. काच पुसली.

"त्या का नाही बोलल्या?"

"त्यांनी मला विचारलं होतं, तू कधी सांगणार."

"आणि?"

"आज सांगतोय."

मला वाटलं होतं ते काढून टाकतील. तयारी होती, किंवा आहे असं त्या क्षणी वाटलं. ते केबिनमध्ये जाऊन बसले. तासाभराने बाहेर आले तेव्हा हातात पत्र होतं, स्वतः टाइप केलेलं, पूर्ण पानभर. शेवटी लिहिलं होतं की चूक श्रीमती मुकादम यांची नव्हती, ती आमच्याकडची होती, आणि त्या परत आल्या तर या संस्थेला आनंद होईल.

"कुरियरने जाणार नाही हे," ते म्हणाले. "तू घेऊन जायचंस. आणि त्यांच्या मालकासमोर वाचायचंस. नोकरीचं तुझं मग बघू."

महापेच्या त्या कारखान्यात मी मालकासमोर उभं राहून ते पत्र वाचलं. भोईर दाराशी होते. 'आमच्याकडची' या शब्दाशी मी थांबलो आणि म्हणालो, "म्हणजे माझी." मालकाने पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं, आणि भोईरांना म्हणाला, "बाईंचे कागद पाठवा माझ्याकडे. पहिल्या तारखेपासून कायम."

मग मी बाईंच्या खोलीत गेलो. उत्तरेची मोठी खिडकी, तिच्यापाशी दिव्याचं टेबल, शेजारी कॉम्प्युटर, आणि पडद्याला दोऱ्याने टांगलेलं भिंग. बाईंनी पत्र घेतलं. आधी सवयीने खिडकीच्या उजेडात धरलं, कागदातून पलीकडे बघितल्यासारखं. मग वाचलं. सावकाश, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून.

"मुकादममधला मु दीर्घ लिवलाय," म्हणाल्या. "साहेबांना सांग, बाकी बरोबर हाय."

मी विचारलं, "तुम्ही तेव्हा का नाही बोललात, बाई?"

"मी काय बोलनार? तोंड तुझं होतं. ते मी कसं उघडनार?" त्यांनी पत्राची घडी घातली. "आन खोटी सही शाबीत करत बसायला मला वेळ नव्हता. बारा नग करायचे होते."

"साहेब परत बोलावतायत."

"वाचलं ते. त्यांना सलाम सांग. इथं मला खिडकी हाय." मग थोडं थांबून, "चार महिने लागले तुला."

"हो."

"मी सहा धरले होते."

त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही. मीही माफी मागितली नाही, मागण्यासारखं काही उरलं आहे असं वाटलं नाही. त्यांनी थर्मास उघडला, झाकणात अर्धा चहा ओतून माझ्याकडे सरकवला आणि उरलेला थर्मासमधूनच प्यायल्या. मी मनात काहीतरी जुळवत होतो, तोवर त्या उठून कोपऱ्यातल्या नळापाशी गेल्यासुद्धा. कोपरापर्यंत साबण, एकेक बोट वेगळं पुसणं, तळव्यांवर चिमूटभर पावडर.

"जा आता. तुझी फाइल सुधारून पाठव. संध्याकाळच्या आत आली तर उद्याच्या फेरीत घेते."

मी दारापाशी पोचून मागे वळलो. बाईंनी ढिगातली वरची फिल्म उचलली होती आणि दोन्ही हातांनी कडांना धरून खिडकीसमोर आणली होती. मान किंचित तिरकी. दुपारच्या उजेडात त्या पारदर्शक कागदावरच्या सगळ्या काळ्या वाटा त्यांच्या चेहऱ्यावर उतरल्या होत्या, आणि खालच्या कोपऱ्यात, त्यांच्या अंगठ्याजवळ, कोणाची तरी एक छोटी होडी होती. ती आमच्या गाळ्याची नव्हती. शीड वेगळं होतं, काढणारा हात वेगळा होता. नाक मात्र उजवीकडे होतं.

बाईंनी ती फिल्म टेबलावर ठेवली आणि पुढची उचलली.